बार्नच्या नव्या फळ्या: वाळू द्यायच्या, पण भिंतीवर नव्हे

प्रश्न: आम्ही व्हर्मॉंटमध्ये घर घेतलं, त्याच्यामागे जुना लाकडी बार्न आहे. दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत कुजली होती, म्हणून एप्रिलअखेर जवळच्या सॉमिलमधून व्हाइट पाइनच्या ताज्या कापलेल्या फळ्या आणल्या. एक इंच जाड, दहा इंच रुंद, बारा फूट लांब, रंधा न मारलेल्या. दक्षिणेची भिंत चाळीस फूट लांब आणि बारा फूट उंच आहे. ती मेच्या शेवटी उभ्या फळ्या ठोकून पूर्ण केली. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना खिळे मारलेत, सांध्यांवरच्या पट्ट्या अजून बाकी आहेत. पश्चिमेच्या फळ्या अंगणात एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवल्यात. आता जुलै अर्धा संपला. शेजारी म्हणतो वर्षभर थांबा, रंगाचा दुकानदार म्हणतो आजच लावा, बाबा रत्नागिरीहून फोनवर सांगतात की लाकडाने एक पावसाळा खाल्ल्याशिवाय त्याला ब्रश लावू नये. बार्नमध्ये सहा शेळ्या असतात. पारंपरिक लाल रंग द्यायचा आहे. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण तिघेही कॅलेंडर बघून बोलताहेत आणि घोळ तिथेच आहे. रंगाला दोन गोष्टी लागतात: फळी आतून वाळलेली असावी आणि तिचा पृष्ठभाग उन्हाने खाल्लेला नसावा. फळी भिंतीवर ठोकून वाळू दिली तर पहिली गोष्ट साधता साधता दुसरी हातची जाते. फळी सावलीत, छपराखाली, वारा खेळेल अशी रचून वाळवायची आणि वाळली की लगेच रंगवायची.

बाबांचा मुद्दा वाळवण्याचा आहे आणि तो पक्का आहे. ताज्या पाइनमध्ये ओल भरपूर असते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत ओल उतरली की पुढे लाकूड आकसायला लागतं. व्हाइट पाइन तीस टक्क्यांवरून पूर्ण कोरडं होईपर्यंत रुंदीत साधारण सहा टक्के आकसतं. म्हणजे तुमची दहा इंचांची फळी पंधरा टक्क्यांवर येईतो पाव इंचाहून थोडी जास्तच अरुंद होणार. अशा फळीला ओली असतानाच रंग दिला तर दोन गोष्टी होतात. आतली ओल बाहेर पडायची वाट शोधते आणि रंगाच्या थराला मागून ढकलते. त्याचे फोड येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. शिवाय फळी आकसते, तिला चिरा जातात, आणि त्या चिरांतून पाऊस थेट रंगाच्या मागे शिरतो.

शेजाऱ्याचं वर्षभर मात्र मानू नका. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन तोडतात. पृष्ठभागावरचे तंतू सुटे होतात, फळी आधी पिवळसर-तपकिरी आणि मग राखाडी दिसते. त्यावर लावलेला रंग त्या सुट्या तंतूंनाच चिकटतो आणि त्यांच्यासकट निघून येतो. अमेरिकी वनखात्याची विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी १९१० पासून लाकडावर काम करते आहे. रंगाच्या चिकटण्यावरचा तिथला निष्कर्ष असा, की चारेक आठवड्यांच्या उन्हानेच पकड लक्षणीय घटते. म्हणून त्यांचा सल्ला: फळी उघड्यावर आली की दोन आठवड्यांच्या आत तिला पहिला हात मिळाला पाहिजे.

बार्नवर जुना रंग कुठे सुटलेला असेल तर त्याचा एक पोपडा काढून उलटा करून पाहा. मागे बारीक लाकडी केस चिकटलेले असतील तर तिथे उन्हाने खाल्लेल्या लाकडावर रंग दिला होता. मागची बाजू स्वच्छ असेल तर ओलीने त्याला ढकललं असण्याची शक्यता जास्त. (तो पोपडा काढण्याआधी शेवटी शिशाबद्दल लिहिलं आहे ते वाचा.)

ओल मोजायची कशी

दोन सुयांचं ओलमापक चाळीस-पन्नास डॉलरमध्ये मिळतं. एवढ्या कामाला ते घ्याच. पण फळीच्या वरच्या चेहऱ्यावर टोचून आकडा घेऊ नका. उन्हात पृष्ठभाग बारा टक्के दाखवतो आणि आतला गाभा पंचवीसवर असतो. एक फळी टोकापासून फूटभर आत कापा आणि ताज्या कापाच्या मध्यभागी सुया रोवून आकडा घ्या. टोकाला मोजण्यात अर्थ नाही, टोकं सगळ्यात आधी वाळतात. ढिगातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा निदान तीन फळ्या मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

मापकावर विश्वास नसेल तर ओव्हन आहेच. त्याच जागेवरून फळीची इंचभर रुंद चकती कापा आणि लगेच वजन करा. समजा ६९ ग्रॅम भरली. ओव्हन २१५ अंश फॅरेनहाइटवर ठेवून चकती रात्रभर आत राहू द्या, मग तास-तासाने वजन घ्या. आकडा उतरायचा थांबला की ते कोरडं वजन. ते ५७ ग्रॅम आलं, तर बारा ग्रॅम पाणी भागिले ५७, म्हणजे २१ टक्के. अजून रंगाची वेळ नाही.

तेलाच्या प्रायमरसाठी (रंगाखालच्या पहिल्या थरासाठी) पंधरा टक्के किंवा कमी हवं. सोळा-सतरा चालवून घेता येतं, वीसच्या वर अजिबात नाही. तुमच्या हवेत उघड्यावरचं लाकूड शेवटी बारा-चौदाच्या आसपास स्थिरावतं, त्याहून कोरडं व्हायची वाट पाहू नका.

पश्चिमेच्या फळ्या: हे याच आठवड्यात करा

एकावर एक, मध्ये फट न ठेवता, ताडपत्रीखाली रचलेला ढीग ही आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. आत वारा नाही, ओल कोंडलेली, वर जुलैचा उन्हाळा. पाइनवर यात निळी बुरशी चढते. फळ्या सोडवल्यावर निळसर-काळे पट्टे दिसतील. त्याने लाकडाची ताकद जात नाही, पण वर काळी बुरशी वाढली असेल तर ती रंगाखाली ठेवायची नाही. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी एवढं द्रावण मऊ ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

मग ढीग नव्याने रचा. जागा छपराखालची, दोन बाजूंनी उघडी. गाड्या उभ्या करायची शेड उत्तम. बार्नच्या आत शेळ्यांशेजारी नको. त्यांचा श्वास, लेंड्या आणि मूत्र यांनी तिथली हवा कायम दमट असते. जमिनीपासून फूटभर वर ओंडके किंवा काँक्रीटचे ठोकळे ठेवा. प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दर सोळा ते चोवीस इंचांवर. सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक, सरळ रेषेत आल्या पाहिजेत. त्या इकडेतिकडे झाल्या तर फळी त्या जागी वाकते आणि वाकलेलीच वाळते. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा घरातला उरलेला कुठलाही लेटेक्स रंग जाड फासा, टोकं उलायची थांबतील. वर पत्रा आणि त्यावर वजन. बाजूंना ताडपत्री नको, तिथूनच तर वारा यायचा आहे.

एक इंच जाडीचं व्हाइट पाइन असं रचलं तर ऋतुमानाप्रमाणे दोन ते सहा महिने घेतं. तुम्ही उन्हाळ्याच्या मध्यावर सुरुवात करताय, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जमण्यासारखं आहे. ऑगस्टच्या शेवटापासून दर आठवड्याला मोजत चला.

पंधरावर आल्या की भिंतीवर जाण्याआधीच, जमिनीवर सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडव्या ठेवून काम करा. चारही बाजूंना आणि दोन्ही टोकांना रंग चालणारं जलरोधक-बुरशीरोधक द्रावण द्या. डब्यावर 'यावर रंग देता येतो' असं लिहिलेलंच घ्या, मेण जास्त असलेल्या द्रावणावर रंग धरत नाही. दोन-तीन उबदार दिवस वाळू द्या. मग पुढची बाजू, कडा आणि टोकं यांना तेलाच्या प्रायमरचा एक हात. मागच्या बाजूला जाड रंगाचा थर देऊ नका, तिथे द्रावण पुरे. शेळ्यांच्या बार्नमध्ये आतली ओल बाहेरच्या दिशेने येत राहते, आणि मागचा थर कुठेही फाटला की तीच ओल फळीत अडकते. त्यापेक्षा छपराच्या कण्याजवळची हवा जायची फट उघडी ठेवा. रंगाचं आयुष्य त्या फटीने वाढेल.

टोकांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. उभ्या फळीचं खालचं टोक म्हणजे उघडी नळी असते. ते चेहऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त पाणी ओढतं, आणि बहुतेक बार्न तिथूनच कुजत जातो. खालच्या टोकाला द्रावणाचे दोन हात, प्रायमरचे दोन हात. फळी मापाला कापली की कापलेल्या टोकाला पुन्हा हात मारायचा, म्हणून छोटा ब्रश खिशातच ठेवा. खालची कड जमिनीपासून निदान आठ इंच वर राहू द्या. पागोळ्यांचं पाणी उडतं आणि हिवाळ्यात बर्फ टेकून राहतो.

दक्षिणेची भिंत: आधी खिळे

या भिंतीवर रंगाच्या आधी खिळ्यांचा प्रश्न आहे. ओली फळी दोन्ही कडांना खिळून ठेवली की ती आकसताना कुठे जाणार? मधोमध फाटते. कदाचित काही फळ्यांना आत्ताच उभी चीर दिसत असेल. प्रत्येक फळीच्या कडांचे खिळे उपसा. मधोमध, तीन इंचांच्या अंतरात, दोन खिळे मारा. कडा मोकळ्या राहू द्या. सांध्यांवर येणारी पट्टी त्यांना दाबून ठेवेल. पट्टीचा खिळा दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून मागच्या आडव्या लाकडात जायला हवा, फळीतून नाही. पट्टी दोन्ही बाजूंना इंचभर फळीवर चढेल इतकी रुंद घ्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या फटीसाठी अडीच इंच. खिळे दांड्यावर वळी असलेले, स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले. नुसता चकचकीत मुलामा असलेले खिळे दोन-तीन हिवाळ्यांत गंजाचे ओघळ सोडतात आणि लाल रंगावरही ते दिसतात.

मोजलं तर ही भिंत बहुधा पंधरा-सोळावर आली असेल, कारण दोन्ही बाजूंनी हवा आहे. पण सात आठवडे दक्षिणेचं ऊन तिने घेतलं आहे, त्यामुळे वरचा थर काढायलाच हवा. साठ नंबरच्या कागदाने, मशीनवर, हलक्या हाताने घासा. करवतीच्या खुणा पुसायच्या नाहीत. रंग त्या खडबडीत अंगावरच जास्त चांगला बसतो, आणि रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीपेक्षा तुमची फळी यात सरस आहे. राखाडी-तपकिरी छटा जाऊन ताजं पिवळसर लाकूड दिसलं की थांबा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे तुकडे रुतून गंजतात. जोरदार पाण्याचा फवाराही नको, वाळवलेली फळी पुन्हा भिजवण्यात काय हशील? धूळ झाडून त्याच आठवड्यात प्रायमर.

तयार झालं की नाही हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब काही सेकंदांत शोषला गेला तर पृष्ठभाग तयार आहे. मण्यासारखा बसून राहिला तर चिकट राळ किंवा दाबून चकाकलेला थर आहे, तिथे अजून घासा.

रंग

पाइनच्या गाठींतून राळ येते. भट्टीत जास्त तापमानाला वाळवलेल्या पाइनमध्ये ती घट्ट होते, तुमच्या हवेवर वाळलेल्या फळीत होत नाही, आणि दक्षिणेच्या उन्हात ती पाझरणारच. म्हणून प्रायमर अल्किड तेलाचाच. गाठींवर आधी लाखेच्या प्रायमरचा ठिपका द्या, पण संपूर्ण फळीवर लाखेचा थर नको, तो बाहेर टिकत नाही. इथे लाल रंग तुमच्या बाजूचा आहे. पांढऱ्यावर पिवळे डाग महिन्याभरात उठतात, लालमध्ये ते फारसे दिसत नाहीत, आणि लालमधला लोहाचा ऑक्साइड ऊनही चांगलं अडवतो. जुने शेतकरी जवसाच्या तेलात तोच लोहगेरू घालून बार्न रंगवत. पण गडद रंग जास्त तापतो, म्हणून भर उन्हातल्या भिंतीला ब्रश लावू नका. सूर्य भिंतीवरून सरकला की तिथे काम करायचं.

वर शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक लेटेक्सचे दोन हात. प्रायमर वाळल्यापासून पहिला हात दोन आठवड्यांच्या आत, आणि त्यापासून दुसरा पुढच्या दोन आठवड्यांच्या आत. प्रायमर जास्त दिवस उघडा राहिला की त्याच्या अंगावर साबणासारखा पातळ थर येतो आणि वरचा रंग त्याला धरत नाही. उशीर झालाच तर मऊ ब्रशने पाणी घालून घासा, धुवा, वाळवा, मगच पुढचा हात.

तापमान पन्नास अंश फॅरेनहाइटच्या वर हवं, आणि हात दिल्यानंतर निदान चोवीस तास. तुमच्याकडे सप्टेंबरच्या रात्री थंड होतात आणि दव भरपूर पडतं. दुपारी चार वाजता ब्रश धुऊन टाका. ओल्या लेटेक्सवर दव बसलं की तो फिकट पडतो, ओघळतो.

रंग किती लागेल? दक्षिणेची भिंत ४८० चौरस फूट, पट्ट्यांच्या कडा धरून साडेपाचशे. खडबडीत फळी गुळगुळीतच्या जवळजवळ दुप्पट रंग पिते. डब्यावर गॅलनला ३५०-४०० चौरस फूट लिहिलेलं असेल तिथे तुम्ही दोनशे धरा. म्हणजे प्रायमर तीन गॅलन. वरचे दोन हात थोडे कमी पितात, तरी पाच ते सहा गॅलन ठेवा. रोलरने लावलं तरी मागोमाग ब्रशने दाबून फिरवायचंच, नाहीतर करवतीच्या खाचांच्या तळाशी रंग पोहोचत नाही.

दाट, एकसारखा लाल रंग हवाच असा आग्रह नसेल तर आम्ही तुम्हाला तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन सुचवू, आणि मनापासून सुचवू. त्याचा थर बनत नाही, तो आत मुरतो, त्यामुळे पोपडा निघायचा प्रश्नच येत नाही. खडबडीत पाइनला तो फार छान बसतो आणि लोहगेरूच्या लाल छटेतही मिळतो. दुसरा हात पहिला ओला असतानाच, अर्ध्या-पाऊण तासात द्यायचा, वाळल्यावर दिला तर नुसता चकाकतो. पाच-सहा वर्षांनी नुसतं झाडून पुन्हा हात मारता येतो, खरडायचं काही नाही. जे काही घ्याल ते दोन्ही भिंतींना एकच घ्या.

तेलाचं काहीही वापरलंत, तर चिंध्यांची काळजी घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी वाळताना गरम होते आणि गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेते. बार्नमध्ये सुकं गवत आहे, शेळ्या आहेत. प्रत्येक चिंधी बाहेर, कुंपणावर एकेक सुटी पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. संध्याकाळी काम संपलं की आधी चिंध्या, मग ब्रश.

आणि जुना रंग. १९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, तुमचा बार्न त्याआधीचा असेल तर उरलेल्या भिंतींवर, दारांवर शिसं आहे असं धरूनच चला. कोरडं घासू नका, जाळून काढू नका. पाणी फवारत खरवडा, खाली प्लास्टिक पसरा, बारीक धूळ अडवणारा पी-१०० चा मास्क लावा, आणि त्या भागात शेळ्यांना व मुलांना फिरू देऊ नका. शेळी पोपडे चाटते.

ऑक्टोबर उजाडला आणि पश्चिमेच्या फळ्या अजून अठरावर असतील, तर घाई करून प्रायमरचा एक हात मारून त्या भिंतीवर चढवू नका. नुसत्या प्रायमरवर हिवाळा काढला तर वसंतात तो धुऊन पुन्हा द्यावा लागतो. फळ्या छपराखाली तशाच रचलेल्या राहू द्या, पश्चिमेच्या उघड्या भागाला पट्ट्या मारून ताडपत्री घट्ट बांधा, आणि मेमध्ये पुन्हा मोजा.